निळा पंप किती दिवस पुरला?

दम्याच्या रोग्याची खरी अवस्था जाणून घ्यायची असेल तर दवाखान्यातल्या फाइलपेक्षा माझ्या दुकानातली बिलं जास्त बोलकी आहेत. तासगाव तालुक्यात मी मेडिकल चालवते. डॉक्टरांना हा रोगी दिसतो तो बहुतेकदा धाप लागल्यावर, नाहीतर घरच्यांनी दटावून पाठवल्यावर. मला तो दिसतो पंप संपल्यावर. आणि पंप किती दिवसांत संपला, यात त्याच्या छातीची सगळी हकिकत असते. ती हकिकत कुणी वाचत नाही, ही माझी तक्रार आहे.

हिशोब साधा आहे. धाप लागल्यावर ओढायच्या निळ्या पंपात, म्हणजे साल्ब्युटामॉलच्या इनहेलरमध्ये, साधारण २०० फवारे असतात. दमा आटोक्यात असलेल्या माणसाला हा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागू नये. दर वेळी दोन फवारे धरले तर आठवड्याचे झाले चार. म्हणजे एक पंप पन्नास आठवडे, जवळपास वर्षभर पुरायला हवा. जे गिऱ्हाईक दर महिन्याला नवा पंप नेतं, ते रोज सहा-सात फवारे ओढतंय. त्याचा दमा आटोक्यात नाही, हे सांगायला एक्स-रे लागत नाही, दोन बिलांवरच्या तारखा पुरतात.

पण हे त्या माणसाला पटवणं अवघड असतं. एसटीतून निवृत्त झालेले एक काका महिन्याच्या किराण्याबरोबर पंप नेतात. त्यांच्या मते त्यांची तब्येत उत्तम आहे. “वैनी, पंप खिशात असला की मला कशाची भीती नाही बघा,” असं ते सांगतात. जरा खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पहाटे तीन-चारला खोकत उठावं लागतं, पण ते “वयानं होतंय”. माडीवर जाणं सोडलंय, कारण “वर कामच काय असतंय”. पालखीबरोबर चालणं सोडलंय, कारण “गर्दी लई”. दमा माणसाला एकदम आडवा पाडतोच असं नाही. आधी तो आयुष्यातून थोडं थोडं काढून घेतो, आणि उरलेल्याला माणूस ‘बरं चाललंय’ म्हणतो.

म्हणून ‘बरं आहे का?’ हा प्रश्न दम्यात निरुपयोगी आहे. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ अर्थात ‘जीना’ हा तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट १९९३ पासून दम्यावर काम करतो आहे. त्यानं नेमके चार प्रश्न ठरवून दिले आहेत. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? दम्यामुळे एकदा तरी झोपमोड झाली का? निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे एखादं काम टाळावं लागलं का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर दमा आटोक्यात आहे. एक-दोन ‘हो’ आली तर अर्धवट आटोक्यात, आणि तीन-चार आली तर नाहीच. हे विचारायला दोन मिनिटं लागतात. आशाताई विचारू शकतात, शाळेतले गुरुजी विचारू शकतात, मी काउंटरवर सुटे पैसे मोजतामोजता विचारू शकते. आमच्या काकांची उत्तरं चारही ‘हो’ होती.

निळ्या पंपावर एवढा भरवसा का बसतो, हेही समजून घ्यायला हवं. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. निळा पंप स्नायू सैल करतो. पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं आणि चार-सहा तास बरे जातात. सुजेला मात्र तो हात लावत नाही. सूज उतरवणं हे दुसऱ्या पंपाचं काम. त्यात अगदी कमी मात्रेत स्टेरॉइड असतं, कधी त्याच्या जोडीला नळ्या उघडणारं औषधही असतं. तो रोज घ्यावा लागतो आणि गुण यायला काही दिवस, कधी काही आठवडे जातात. ज्याचा गुण लगेच दिसतो ते औषध माणसाला खरं वाटतं. म्हणून निळा पंप खपतो आणि दुसरा पहिल्या डबीनंतर बंद होतो.

आमचा भाग द्राक्षांचा. आभाळ भरून आलं की बागायतदार पानाखाली डाऊनी दिसायची वाट बघत बसत नाही, आधीच फवारणी उरकतो. कुठल्या दिवशी काय मारलं याची वही ठेवतो, हवामानाचा अंदाज बघतो, रोज पान उलटून बघतो. भुरी घडावर चढल्यावर धावाधाव करणाऱ्याला आमच्याकडे कुणी शहाणा म्हणत नाही. तोच बागायतदार स्वतःच्या छातीच्या बाबतीत मात्र धाप लागेपर्यंत थांबतो, आणि वही तर ठेवतच नाही. रोग यायच्या आधीचं औषध वेगळं आणि आल्यावरचं वेगळं, हे त्याला शिकवायला नको. तोच नियम फुप्फुसालाही आहे, एवढंच कुणीतरी बसवून सांगायला हवं.

जगानं हे किंमत मोजून शिकून घेतलं आहे. २०१९ मध्ये ‘जीना’नं जुनी पद्धत मोडीत काढली आणि सांगितलं, की प्रौढ आणि किशोरवयीन रोग्यांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, प्रत्येकाच्या उपचारात सूज उतरवणारं औषध असलंच पाहिजे. वर्षाला तीन किंवा अधिक निळे पंप लागले तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, आणि बारा किंवा अधिक लागले तर मृत्यूचा, हेही या गटानं नोंदवलं आहे. ब्रिटनमध्ये दम्यानं झालेल्या १९५ मृत्यूंची एकेक करून छाननी झाली, तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. ज्यांच्या निळ्या पंपांचा हिशोब सापडला, त्यांच्यातल्या ३९ टक्के लोकांना शेवटच्या वर्षात बारापेक्षा जास्त पंप लिहून दिले गेले होते. आणि काय झालं तर काय करायचं याची लेखी योजना हातात असलेले होते अवघे २३ टक्के. मृत्यूची सूचना कागदावर होती, ती कुणी वाचली नव्हती.

तिथं प्रत्येक चिठ्ठीची नोंद होते, तरी ही गत. आपल्याकडे साल्ब्युटामॉल कायद्यानं चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे, आणि प्रत्यक्षात रिकामी डबी दाखवून ते मिळतं, हे औषधाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. धापा टाकणाऱ्या माणसाला ‘चिठ्ठी आणा’ म्हणून परत पाठवणं मला मान्य नाही, त्यात जीव जाईल. पण काहीच न विचारता डबी सरकवणंही मान्य नाही. २०१९ च्या जागतिक अंदाजांनुसार भारतात सुमारे ३.४ कोटी दमेकरी आहेत. जगातल्या दमेकऱ्यांपैकी आपल्याकडे सुमारे १३ टक्के, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर. रोग आपल्याकडे काही वेगळा नाही, त्याच्याशी वागायची आपली रीत वेगळी आहे.

ती रीत मी रोज बघते. लग्नाच्या मुलीला दमा आहे असं म्हणायचं नाही, म्हणून चिठ्ठीवर वर्षानुवर्षं ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’ राहतो. मुलगी पंप ओढणीत लपवून नेते आणि चारचौघांत लागला तरी काढत नाही. “पंपाची सवय लागंल” म्हणून घरातले जाणते लोक गोळ्या बऱ्या समजतात. खरं तर पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये, आणि एका मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम होतात हजार. शिवाय पंपाचं औषध थेट नळ्यांत उतरतं, गोळीचं अंगभर फिरतं. स्टेरॉइडच्या गोळ्या सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने घेतलेल्यांचे सुजलेले चेहरे, वाढलेली साखर, ठिसूळ झालेली हाडं मी पाहिली आहेत. त्यांना पंपाची मात्र भीती वाटत होती. कोजागिरीच्या दुधातलं औषध घेणारे आहेत, मृगाला हैदराबादला जाऊन मासा गिळून येणारे आहेत. श्रद्धेशी माझं भांडण नाही. रोजचा पंप बंद करून जाऊ नका, एवढंच मी सांगते.

मग रोग्याच्या हातात द्यायचं काय? एक उदाहरण सांगते. आमच्याकडे बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्या धुरातला सल्फर डायऑक्साइड दमेकऱ्याच्या नळ्या काही मिनिटांत आवळतो. बेदाणा निवडायला शेडवर जाणाऱ्या एका मावशींना सांगलीच्या डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर घ्यायला लावलं. ही प्लास्टिकची साधी नळी असते, तिच्यावर सरकणारा काटा. वीज नको, बॅटरी नको, काही शे रुपयांत मिळते आणि वर्षानुवर्षं टिकते. उभं राहायचं, छातीभर श्वास घ्यायचा आणि जोर लावून एका दमात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यांत मोठा आकडा लिहून ठेवायचा. मावशींचा चांगल्या दिवसांतला सगळ्यांत मोठा आकडा ३५० होता. त्याच्या ८० टक्के म्हणजे २८० च्या वर असेल तर हिरवं, १७५ ते २८० पिवळं, १७५ च्या खाली लाल. मावशींना लिहिता येत नाही. नववीतली लेक आलेखाच्या वहीत रोज ठिपके मांडायची आणि स्केचपेननं रंगवायची.

हंगाम संपेपर्यंत त्या वहीनं जे सांगितलं ते कुठल्याच तपासणीत दिसलं नसतं. धुरीच्या दिवशी संध्याकाळी आकडा पडायचा आणि सुट्टीच्या दिवशी वर यायचा. “मला त्रास होतो” एवढंच सांगितलं असतं तर “सगळ्यांनाच होतो” हे उत्तर ठरलेलं होतं. आलेखापुढे ते उत्तर चाललं नाही. मावशींना धुरीच्या खोलीपासून लांब पॅकिंगला बसवलं आणि डॉक्टरांनी औषधही त्या हिशोबानं बदललं. रोजगार टिकला, रात्रीची झोप परत आली. मी याला उपचारच म्हणते, आणि त्यातला मोठा भाग घरात, एका शाळकरी पोरीच्या हातून झाला.

सगळ्यांनाच मीटर लागतं असं नाही. लक्षणांवरूनही तीन रंग ठरवता येतात. महत्त्वाची आहे ती एका पानाची लेखी योजना. हिरव्यात रोज कुठला पंप किती वेळा. पिवळ्यात, म्हणजे रात्री खोकला सुरू झाला, निळा पंप वारंवार लागायला लागला की कुठलं औषध किती वाढवायचं, किती दिवस, आणि डॉक्टरांना कधी कळवायचं. लाल म्हणजे वाक्य पुरं बोलता येत नाही, निळ्या पंपानं आराम पडत नाही किंवा तो काही तासही टिकत नाही, ओठ निळे पडतात. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध घेत तडक १०८ ला फोन. आणि एक सूचना ठळक अक्षरांत हवी: मीटर हिरवं दाखवत असलं तरी श्वास कोंडत असेल तर श्वासावर विश्वास ठेवा, आकड्यावर नको.

त्याच पानाच्या मागे पंप ओढायची रीत असावी, कारण निम्मं औषध जिभेवर आणि घशात वाया घालवणारे मी रोज बघते. डबी हलवायची, श्वास सोडायचा, ओठ घट्ट मिटून श्वास सावकाश आत घेताना दाबायचं, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. पोरांना आणि म्हाताऱ्यांना पंपाला स्पेसर, म्हणजे औषध क्षणभर धरून ठेवणारी पोकळ नळी, लावला की काम सोपं होतं. तो परवडत नसेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं आहे, की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला नीट भोक पाडून केलेला स्पेसर मुलांच्या झटक्यात विकतच्याइतकाच उपयोगी पडतो.

एवढ्यानं खरंच फरक पडतो का? नुसती माहितीपत्रकं वाटून पडत नाही, हेही अभ्यासांतून पुढं आलं आहे. ज्ञान वाढतं, दवाखान्याच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात. पण माहितीच्या जोडीला स्वतः नोंद ठेवणं, लेखी योजना आणि डॉक्टरांकडून ठरावीक काळानं उजळणी या गोष्टी आल्या, की दवाखान्यात भरती होणं, रात्रीची धाप, बुडालेले कामाचे दिवस हे सगळं कमी होतं. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात माओरी वस्तीत खिशात मावणाऱ्या छोट्या कार्डावर ही योजना छापून दिली गेली, तिचाही गुण आला. फिनलंडनं १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. त्यात डॉक्टर होते, परिचारिका होत्या, आणि बहुतेक प्रत्येक औषधदुकानात दम्याची जबाबदारी घेतलेला एक माणूस होता. दम्यासाठी रुग्णालयात काढलेले दिवस १९९३ मध्ये १,१०,००० होते, ते २००३ मध्ये ५१,००० वर आले. फिनलंड श्रीमंत देश आहे, मान्य. पण काउंटरवर एक प्रश्न विचारायला श्रीमंती लागत नाही.

काही डॉक्टर म्हणतात, औषध वाढवायचा अधिकार रोग्याच्या हातात दिला तर गोंधळ होईल. गोंधळ आजच आहे. रोगी आजही स्वतःच्या मनानं औषध वाढवतोच, फक्त चुकीचं औषध वाढवतो. मधुमेही माणूस साखर बघून इन्सुलिन घेतो ते आपण स्वीकारलंच ना? शिवाय योजना लिहिणार डॉक्टरच, मर्यादाही तेच आखणार. धंद्यातले माझे सहकारी विचारतात, पंपाची विक्री कमी व्हावी म्हणून आपणच का झटायचं? त्यांना मी सांगते, रोजचा पंप निळ्यापेक्षा महाग असतो, तुमच्या गल्ल्याची काळजी करू नका. काळजी करायची तर त्या शेडवरच्या बाईची करा, जिला दोनशेच्या आतबाहेर मिळणाऱ्या निळ्या पंपाऐवजी महिन्याला चारशे-पाचशेचा पंप घ्यायला मी सांगते आहे.

इथं सरकारचं काम सुरू होतं. सूज उतरवणारा ब्युडेसोनाइड आणि त्याची फॉर्मोटेरॉलबरोबरची जोडी, दोन्ही राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. पण यादीत असणं वेगळं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात बारा महिने असणं वेगळं. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता दम्याचाही समावेश आहे. आमच्या भागातल्या शिबिरांत रक्तदाब मोजतात, साखर मोजतात. श्वास मोजताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. प्रत्येक केंद्रात एक पीक फ्लो मीटर, रोजचा पंप फुकट, मराठीत आणि चित्रांत छापलेलं योजनेचं पान, आणि आशाताईंच्या वहीत ते चार प्रश्न, एवढी माझी मागणी आहे. बेदाण्याच्या हंगामात शेडवर जाऊन हे करायला तर कुणाच्या आदेशाची वाट बघायचंही कारण नाही.

औषध विक्रेत्यांच्या जिल्हा संघटनेपुढे मी आणखी एक ठराव मांडणार आहे. निळा पंप देताना प्रत्येक दुकानदारानं डबीवर मार्करनं तारीख टाकायची. गिऱ्हाईक ती डबी घेऊन चार महिन्यांच्या आत परत आलं, तर नवी डबी द्यायची आणि बरोबर डॉक्टरांच्या नावे एक ओळीची चिठ्ठी: ‘यांना लवकर लवकर पंप लागतो आहे, कृपया तपासा.’ कुणाला नाही म्हणायचं नाही, कुणाला घाबरवायचं नाही.

ठराव होईल तेव्हा होईल. तुमच्या घरात निळा पंप असेल तर तारीख आज तुम्हीच टाका. चार महिन्यांच्या आत संपला तर रिकामी डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. रोजचा पंप चालू असेल तर तो कसा ओढता ते त्यांच्यासमोर ओढून दाखवा. आणि नवी चिठ्ठी हातात पडली तरी लगेच उठू नका. पिवळ्यात काय करायचं आणि लालमध्ये काय, ते कागदावर लिहून मागा, तुम्हाला वाचता येईल अशा अक्षरांत.